साक्षीदार क्रमांक दोन

"ह्यांना व्यक्तिशः ओळखता का?"

"हो... ओळखतो ना."

राजरत्न माझ्याबद्दल बोलला ते हे पहिलं वाक्य, आणि ते धडधडीत खोटं होतं. मला बघून त्याला जेमतेम वीस मिनिटं झाली होती. माझं नावही त्याला ठाऊक नव्हतं. मला त्याचं फक्त मनगट ठाऊक होतं, निळ्या शाईचा ठिपका पडलेलं, कारण बाकावर माझ्या शेजारी तेच होतं. परक्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघण्याइतकी काही मी निर्लज्ज नाही. निदान पहिल्या वीस मिनिटांत तरी नाही.

मुंबईतला माझा तो तिसरा दिवस. मी मॉरिशसची. आमच्या बेटावर पाच-सहा पिढ्यांपासून मराठी माणसं राहतात हे इथे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझी मराठी ऐकून गप्प होतात. शाळेत शिकलेली मराठी ती, कडक इस्त्रीची. शिवाजी पार्कजवळच्या एका क्लासमध्ये फ्रेंच शिकवायची नोकरी लागली म्हणून मी आले, असं व्हिसाच्या अर्जात लिहिलंय. खरं कारण अर्जात मावलं नसतं. लहानपणापासून घरात 'आपल्याकडे असं करतात, आपल्याकडे तसं करतात' हे ऐकत आले होते. ते 'आपल्याकडे' नक्की कुठे असतं, हे मला एकदा जाऊन बघायचं होतं.

ते बघायला चौदा दिवस होते. तेवढ्यात परदेशी नागरिक म्हणून माझी नोंदणी व्हायला हवी होती. नोंदणीला घराचा करार हवा, आणि करारावर पोलिसांची पडताळणी. आमच्या आईचा, म्हणजे लक्ष्मी कोंडीराम ह्यांचा, कुणावर म्हणून विश्वास नाही. तिने पंधराव्या दिवसाचं परतीचं तिकीट हातात ठेवूनच मला विमानात बसवलं होतं. "कागद झाले तर तिकीट रद्द करू," ती म्हणाली, "नाही झाले तर मुकाट्याने घरी यायचं."

घर मिळालं होतं चिंचपोकळीला. सुंदराबाईंच्या तिसऱ्या मजल्यावर लागून दोन खोल्या. एकीत त्या, दुसरीत मी. खाली लग्नपत्रिका छापायचा छोटा कारखाना, त्याची खटक-खटक दिवसभर पायांखालून येत राहायची. करार नोंदवायला आम्ही रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो, तर तिथे दोन साक्षीदार हवे होते. एक मालकिणीला ओळखणारा, एक भाडेकरूला. मालकिणीच्या बाजूने खालच्या मजल्यावरचे बाबुराव अर्धा तास आधीच येऊन पेंगत होते. माझ्या बाजूने क्लासमधले राजेशसर यायचे होते. आमचा नंबर पुकारला तेव्हा त्यांचा फोन आला, मुलाला ताप भरलाय.

"मग भाडेकरूला ओळखणारं दुसरं कोण आहे?" करार करून देणाऱ्या एजंटने विचारलं.

एक कोटीपेक्षा जास्त माणसांचं शहर, आणि मला ओळखणारा एकही नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी कराराच्या कागदांआड लपवलं. एजंट मात्र मुरलेला गडी होता. त्याने बाकावरच्या त्या मनगटाच्या मालकाला हाक मारली. "भाऊ, आधार कार्ड आहे ना? एक सही मारा. गरीब मुलगी आहे."

तो उठला. माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग खिडकीतल्या बाईंनी विचारलं आणि तो ते खोटं बोलला.

कागदावर शब्द होते: 'साक्षीदार असे निवेदन करतात की ते सदर व्यक्तीस व्यक्तिशः ओळखतात.' खाली त्याची सही. राजरत्न.

ह्यानंतर मी जे केलं त्याला सर्वस्वी फ्रेंच लोक जबाबदार आहेत. त्यांनी बेट सोडलं, पण एक सवय मागे ठेवून गेले. भेटताना, निरोप घेताना, आभार मानताना आम्ही गालाला गाल लावतो. आधी उजवा, मग डावा. आजी-आजोबांपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना. तर आनंदाच्या भरात मी सुंदराबाईंना आवळलं, उजवा, डावा. मग वळले आणि साक्षीदार क्रमांक दोनच्या उजव्या गालाला...

ऑफिसातले पंखेसुद्धा थांबले असं मला वाटलं. बाबुराव खडबडून जागे झाले. डाव्या गालापर्यंत मी पोचलेच नाही.

"अगो बाय माझे!" सुंदराबाई ओरडल्या. "ह्या काय करतंस गो? भर हापिसात?"

तो नुसता उभा होता, उजव्या गालावर हात ठेवून. मी पळाले.

*

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. भाडेकरू परदेशी आहे, तेव्हा पुढच्या बुधवारी अकरा वाजता भाडेकरू आणि तिला ओळखणारा साक्षीदार, दोघांनी हजर राहावं. करारावर त्याचा नंबर होता. तीनदा फिरवला, तीनदा रिंग वाजायच्या आत कापला. चौथ्यांदा हिंमत केली.

"नमस्कार. मी सुचित्रा कोंडीराम बोलत आहे."

"कोण?"

"जिला आपण... व्यक्तिशः ओळखता."

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला. "गाल."

माझे कान तापले. तरी मी शक्य तितक्या सभ्य मराठीत सगळं सांगितलं. पोलीस आपणांस माझ्याविषयी प्रश्न विचारतील. आपणांस उत्तरे आली नाहीत तर मला परत जावे लागेल. कृपया क्षमा असावी.

"ओ मॅडम, टेन्शन नका घेऊ. सही मी केलीय ना? मग ओळखायला पण मीच पाहिजे. उद्या येतो. सिलॅबस तयार ठेवा."

आणि तो खरोखरच आला, माझगावच्या गोदीतून सुटून, हातात दोनशे पानी वही घेऊन. गोदीत तो जहाजांच्या पाइपांची ड्रॉइंग तपासतो. शाईच्या ठिपक्याचा उलगडा झाला. आम्ही गॅलरीत बसलो. सुंदराबाई पाट घेऊन बरोबर आमच्या मधोमध बसल्या, तांदूळ निवडायला. एवढे तांदूळ त्यांच्या घरात नव्हतेच. बहुतेक तेच ताट त्यांनी तीनदा निवडलं.

"काय आडनाव तुमचा?" त्यांनी त्याला विचारलं.

त्याने सांगितलं. "असां," म्हणून त्या पुन्हा तांदळात बघू लागल्या. पुढे काहीच विचारलं नाही. हे मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण मला त्यांनी पहिल्याच दिवशी आजोबांच्या दातांपर्यंत सगळं विचारलं होतं.

"चला. गाव?" त्याने पेन काढलं.

"कास्काव्हेल."

"स्पेलिंग सावकाश. वडील?"

"शाळेच्या बसचे चालक आहेत."

"भीती कशाची वाटते?"

"हे पोलीस विचारतात?"

"आपण तयारीत असावं."

"...कबुतरांची."

त्याने मान वर केली. समोरच्या कठड्यावर ओळीने अकरा कबुतरं बसली होती. "मग चुकीच्या शहरात आलात, मॅडम," तो म्हणाला, आणि उठून शांतपणे माझ्या आणि कबुतरांच्या मध्ये येऊन बसला. वहीत मात्र लिहून घेतलं.

मी बॅगेतून आणलेला आमचा व्हॅनिलाचा चहा केला. त्याने कप नाकाशी धरला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ प्यायलाच नाही. डिसेंबरची संध्याकाळ होती, गॅलरीत उन्हाची एकच तिरीप उरली होती, ती त्याच्या कपावर, मग बोटांवर, मग त्या ठिपक्यावर सरकत गेली. मी बघत राहिले. आता मनगटापुरतं थांबायचं काही कारण नव्हतं.

"केकचा वास येतोय ह्याला," डोळे न उघडता तो म्हणाला. "घरची आठवण येते?"

"हा सिलॅबसमधला प्रश्न आहे?"

"नाही. हा माझा."

कुणीच विचारलं नव्हतं मला ते. सगळे विचारायचे, मुंबई आवडली का? मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली. त्याने ते वहीत लिहिलं नाही.

*

रविवारी तो मला भाऊच्या धक्क्यावर घेऊन गेला. तोवर त्याचा 'ओ मॅडम'चा 'ए सुचित्रा' झाला होता. माझं 'आपण' मात्र 'तुम्ही'पर्यंतच घसरलं होतं. समुद्र आमच्यासारखा निळा नव्हता, दुधाचा चहा असतो तसा होता. पण सूर्य कलला आणि त्या चहावर सोनं सांडलं. मासळीचा वास, डिझेलचा वास, रेवसकडे निघालेली लाँच, तिच्यामागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा.

"हिवाळ्यात येतात," तो म्हणाला. "लांबून. तुझ्यासारखे."

"आणि मग परत जातात."

"हं." त्याने पाण्यात बघितलं. "तो पॉइंट आपण वहीत नको घेऊया."

मी पर्समधून एक झेरॉक्स काढून त्याला दिली. आमच्या घरातला सगळ्यात जुना कागद. माझ्या खापरपणजोबांना इथूनच कुठूनतरी जहाजात चढवलं, उसाच्या मळ्यात काम करायला. त्यांचं नाव कोंडीराम. तिकडच्या साहेबाने तेच आडनाव म्हणून लिहून टाकलं, म्हणून आम्ही सगळे कोंडीराम. कागदावर लिहिलंय, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर व्रण. पुढे गावाचं नाव आहे.

"हे गाव कुठे आलं?" त्याने डोळे बारीक केले.

"कुठेच नाही. भरती करणाऱ्या माणसाने काहीतरी सांगितलं, कारकुनाने काहीतरी खरडलं. त्या भरतीवाल्यानेही सांगितलं असेल, हो, ओळखतो ना ह्याला." मी हसायचा प्रयत्न केला. "पाच पिढ्या आम्ही ते गाव शोधतोय. भुवईवरचा व्रण तेवढा खरा निघाला. फोटोत दिसतो."

कागद त्याने वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"तुझी एक चैन आहे, माहितीय?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "तुझ्या आडनावावरून इथे कुणाला काहीच कळत नाही. मग बिचारे तुला विचारत बसतात. माझं आडनाव सांगितलं की लोकांना वाटतं, झालं, सगळं कळलं. पुढे कोणी विचारतच नाय."

मला सुंदराबाईंचं ते तांदळाचं ताट आठवलं. राग आला, आणि त्याहून जास्त काहीतरी आलं, त्याला तेव्हा मी नाव दिलं नाही.

"मग मी विचारते," मी म्हटलं आणि त्याच्या हातातून वही ओढून घेतली. "भीती कशाची वाटते?"

"मला?"

"आपण तयारीत असावं."

तो हसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि वही उलटी धरून मी मागच्या पानापासून लिहीत गेले. पोहता येत नाही, जहाजं बनवतो तरी. वडील गोदीतच वेल्डर होते. आई पाच डिसेंबरच्या रात्रीपासून शिवाजी पार्कवर पाणी वाटायला उभी राहते, तीस वर्षं एकही चुकवलेलं नाही. शाळेत निबंधाला पहिला यायचा, विषय नेहमी एकच, मी परदेशात गेलो तर. कधी गेला नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं. "सही का केलीत तुम्ही?"

"तू करार वाचत होतीस." तो पक्ष्यांकडे बघत म्हणाला. "बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत. त्या ऑफिसात कोणी वाचत नाय ते. मला वाटलं, जी पोरगी पाणी भरायच्या वेळेचं कलम दोनदा वाचते ती पळून जायला नाही आली. राहायला आलीय."

लाँचचा भोंगा वाजला. काही बोलायला गेले असते तर शाळेतली मराठी पुरली नसती.

परतताना आम्ही बुधवारचं ठरवलं. कधीपासून ओळखता, असं विचारलं तर सांगायचं, दोन वर्षं, ऑनलाइन फ्रेंचच्या क्लासमुळे ओळख झाली. कल्पना त्याचीच. "साधं आहे," तो म्हणाला. पण म्हणताना उजवा गाल चोळत होता. खोटं बोलताना तो गाल चोळतो, हे माझ्या बाजूच्या पानावर आधीच लिहिलेलं होतं.

*

बुधवारी सकाळी सुंदराबाई दह्याची वाटी घेऊन दारात उभ्या. माझ्या तळहातावर दही ठेवलं. राजरत्न जिन्याच्या पायरीवर थांबला होता, त्या खाली उतरून त्याच्याकडे गेल्या. "हात कर पुढे," त्या म्हणाल्या. "आणि काय रे, तुझ्या आईक काय आवडतां? येताना घेऊन जा." तो जरा गोंधळला. दही खाल्लं त्याने. मीही खाल्लं.

ठाण्यातल्या अधिकारी मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. समोर माझा करार. आज अकरावा दिवस. इथून कागद निघाला तर दोन दिवसांत नोंदणी, नाही तर रविवारी विमान.

त्यांनी आधी मलाच विचारलं. "ह्या साक्षीदाराला कधीपासून ओळखता?"

दोन वर्षं. दोनच तर शब्द होते. राजरत्नचा हात गालाकडे गेलेला मला दिसला. माझ्या पर्समध्ये ती झेरॉक्स होती, नसलेल्या गावाची. वाटलं, आमच्या घराण्याने एकदा खोट्या कागदावर देश बदललाय. पाच पिढ्या त्याचं भोगलं. आता परत?

"आठ दिवस," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा खाली घेतला.

"करार केला त्या दिवशी ते मला ओळखत नव्हते. माझा साक्षीदार आला नाही, म्हणून त्यांनी मदत केली. चूक माझी आहे. त्यांना काही होऊ नये. मी... मी रविवारी परत जाईन. तिकीट आहे माझ्याकडे."

राजरत्न माझ्याकडे बघत होता. असं कुणी माझ्याकडे आजवर बघितलं नव्हतं.

"सरकारी नोकरी ना तुमची?" मॅडम त्याला म्हणाल्या. "न ओळखता सही ठोकता? कळतं का काही?"

"चुकलं, मॅडम," तो म्हणाला. हात गालावर नव्हता. "तेव्हा ओळखत नव्हतो. आता ओळखतो. विचारा काहीपण."

"काय ओळखता?"

"कास्काव्हेल गाव. वडील बस चालवतात, आई फोनवर आधी जेवलीस का विचारते. कबुतरांना घाबरते, म्हणून गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसते. रडायला आलं की कागद तोंडासमोर धरते. रागावली की मराठी आणखी शुद्ध होते. घरची आठवण येते, पण कोणी विचारलं तर मान अशी... अर्धीच हलवते. समोरच्याचं आडनाव ऐकून थांबत नाही, पुढचं विचारते." तो थांबला. "आणि मॅडम, खोटं बोलून राहायला मिळत होतं तिला. नाही बोलली. आता ह्याच्यापेक्षा जास्त मी कुणालाच ओळखत नाय."

माझ्या हातात तोंडासमोर धरायला एकही कागद नव्हता, त्यामुळे जे व्हायचं ते सगळ्यांसमोर झालं.

मॅडमनी पेन उचललं. "पुन्हा कधी अशी सही केलीत तर माझ्याशी गाठ आहे," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने वाचत लिहू लागल्या. "साक्षीदाराचा नव्याने जबाब घेतला. साक्षीदार भाडेकरूस... आजरोजी... व्यक्तिशः ओळखतात." शिक्का उमटला. कागद माझ्याकडे सरकवताना त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एकवीस वर्षं संसार झाला माझा. आमच्या ह्यांना मी कशाला घाबरते ते अजून माहीत नाही. जा आता."

बाहेर ऊन होतं. फुटपाथवर एक बाई मोगऱ्याचे गजरे ओवत होती, आणि कबुतरं होती. तो आपसूक माझ्या त्या बाजूला आला.

"मरायचो ना मी," तो म्हणाला. "दोन वर्षं, एवढं बोलायचं होतं."

"तुला खोटं बोलता येत नाही. तुझा गाल..." आणि मी थांबले. पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते.

त्यालाही ते कळलं. तो हसला नाही. जरा पुढे वाकला. "गालावरून आठवलं. एक हिशेब बाकी आहे. तुमच्याकडे दोन असतात ना? मी वाचलंय. माझा डावा राहिलाय."

"इथे? पोलीस ठाण्यासमोर?"

"घाबरतेस कशाला? आजरोजी व्यक्तिशः ओळखतो मी तुला. शिक्का आहे."

गजरेवाल्या बाईने सुई थांबवून आमच्याकडे बघितलं. खुशाल बघू दे, म्हटलं. मी टाचा उचलल्या. त्याचा डावा गाल उन्हाने गरम झाला होता, आणि ही सवय फ्रेंचांची असली तरी डोळे मिटायची पद्धत त्यांची नव्हे. ती माझीच.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. आई. तिकडे सकाळच होती, तिला धीर निघत नव्हता.

"जेवलीस का? झाले कागद?"

"झाले. तिकीट रद्द कर, आई."

"आणि तो साक्षीदार? परका माणूस असा धावून येतो म्हणजे काय? कोण, कुठला..." तिचा आवाज संशयाने बारीक झाला. आई आहे ती, सात समुद्रांपलीकडूनही तिला वास लागतो. "सुचित्रा, खरं सांग. ओळखतेस का तू त्याला?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो कबुतरं हाकलत होता.

"हो," मी म्हटलं. "ओळखते ना."